मागचं डावं दार

रऊफभाईंनी गाडीच्या मागच्या डाव्या दारावरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि विचारलं, "घरात कोणाले गाडी लागते काय, साहेब?"

वाशीमच्या त्या शोरूमच्या मागच्या अंगणात हरीओमची जुनी पांढरी गाडी चारी दारं उघडी टाकून उभी होती, बाजारात दात बघायला उभ्या केलेल्या बैलासारखी. रऊफभाई जुन्या गाड्यांचे व्यापारी. कुणी जुनी देऊन नवी घ्यायला आलं की शोरूमवाले त्यांना बोलावून घेत. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, चाकांना लाथा घातल्या, पायाखालचे गालिचे उचलून पत्रा ठोकून बघितला, तोवर हरीओमला काहीच वाटलं नव्हतं. उलट, उरका एकदाचं, असंच वाटत होतं. पण त्या दाराच्या काचेखालून हातभर खाली उतरलेला पट्टा, रंग खाल्लेला, म्हाताऱ्या दातासारखा पिवळट, त्याच्यावर ते बोट फिरलं आणि हरीओम एक पाऊल पुढं सरकला. "पोटातलं ॲसिड असते ना साहेब, ते पेंट खाते," रऊफभाई म्हणाले. "टेन्शन नाई. मशीननं घासलं का साफ. मालूमच नाई पडत." आणि ते बोट त्यांनी पँटला पुसलं. त्यात काही वावगं नव्हतं, घाणीला हात लागला की कुणीही पुसतं. हरीओम त्या पँटकडे मात्र बघत राहिला, जणू पुसलेलं अजून तिथंच असणार होतं आणि ते परत मागायला हवं होतं.

ठरवायचं तसं फार मोठं नव्हतं. तो बियाण्यांच्या कंपनीत होता आणि यंदा बढती मिळून तीन जिल्हे त्याच्याकडे आले होते. साहेब झालेल्या माणसानं साहेबाची गाडी फिरवावी असा कंपनीचा आग्रह. मोठी, डिझेलची, लांबच्या रस्त्याला परवडणारी. ती एक तर स्वतः विकत घ्यायची, कंपनी भत्ता देणार. नाहीतर कंपनीच लीजवर काढून देणार, चार वर्षं वापरायची आणि मुकाट परत करायची. पुण्याच्या ऑफिसातली स्नेहा नावाची मुलगी सकाळपासून गोड आवाजात फोन करत होती. "सर, आज संध्याकाळपर्यंत कळवाल ना? विकत की लीज?" लीजच्या अटीही तिनंच वाचून दाखवल्या होत्या. गाडी परत देताना रोजच्या वापरानं पडतात तेवढेच डाग चालतील. त्याहून जास्त काही आढळलं, आतून वास येत असला, तर भरपाई वापरणाऱ्याकडून. "म्हणजे कसले डाग, मॅडम?" त्यानं विचारलं होतं. "तसं काही नाही सर, जनरल असतं ते. कुणी कुत्रं वगैरे नेतं ना गाडीतून." ती हसली होती. तोही हसला होता. हसून झाल्यावर त्याला स्वतःच्या हसण्याचा वीट आला होता. विकत घेतली तर शोरूमवाले जुनी गाडी आजच्या आज ठेवून घेणार होते. लीजमध्ये ती सोय नव्हती; लीज घेतली की जुनी गाडी त्याच्याच दारात उभी राहणार. खरा प्रश्न एवढाच होता, दारातून ती गाडी जाणार की राहणार, आणि तो स्नेहाला सांगण्यासारखा नव्हता. त्या गाडीत, त्या मागच्या डाव्या जागेवर, त्याची माय मेली होती.

आत, काचेपलीकडे, कुणाची तरी नवी गाडी निघत होती. रिबीन बांधलेली, बॉनेटवर स्वस्तिक, स्वस्तिकाशेजारीच केक. शोरूमचा करण नावाचा सेल्समन टाळ्या वाजवत होता. सकाळपासून त्यानं दोन गाड्यांसाठी अशाच टाळ्या वाजवल्या होत्या, तोंडावर तोच आनंद आणून. मालकाच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी दिली गेली, बायकोनं त्याच्या गालाला केकचं क्रीम फासलं, सगळे हसले, फोटो निघाले. मग चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी पुढं सरकली तेव्हा ती पचकन फुटली. तो आवाज काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण हरीओमला तो दाढेत ऐकू आला. केकचं क्रीम, कुंकू, फुटलेलं लिंबू आणि नव्या प्लास्टिकचा तो गोडसर वास, ज्याला लोक नव्या गाडीचा सुवास म्हणतात, सगळं एकत्र होऊन घशाशी बसलं.

"पाह्य, कसं मस्त वाटते," राजू म्हणाला. हा धाकटा भाऊ पहिल्या एसटीनं इंझोरीहून आला होता, गाडी निवडायला. बोलावलं नव्हतं. "आपल्याले बी असंच करा लागते. माह्या लेकीच्या, निकिताच्या लग्नात नवरदेव जानवशावरून मांडवात आपल्याच गाडीत येईन. मी सांगून बसलो ना पाव्हण्यायले, माह्या भावाची नवीकोरी गाडी हाये म्हणून."

"अजून ठरलं नाही. लीजवर घेईन कदाचित."

"लीज म्हणजे भाड्याचीच ना? कागदावर दुसऱ्याचं नाव. कोणी इचारलं त काय सांगू? इकत घे बाप्पा. देवानं देलं हाये. अन् हे एकडाव घरातून काढ." 'हे' म्हणताना राजूनं मागच्या अंगणाकडे हनुवटी केली. बोटसुद्धा दाखवलं नाही.

मायला गाडी लागायची. सोजरबाईला उन्हात दिवसभर निंदून काही होत नसे, बैलगाडीत आडवंतिडवं बसून काही होत नसे, पण मोटारीत बसली की डिझेलचा वास नाकातून सरळ पोटात जायचा. "हे तेल मले सोसत नाई रे, हरी," ती म्हणायची. तरी वाशीमच्या डॉक्टरकडे यायचं तर पोराच्याच गाडीतून, एसटीनं नाही. पोरानं गाडी घेतली हे इंझोरीच्या पारावरून सगळ्यांना दिसायला हवं होतं. बसायची मागं, डावीकडे, काच पूर्ण खाली, पदराच्या गाठीत ओवा आणि मुठीत कापलेलं लिंबू. मानोऱ्यापर्यंत गप्पा. मग गप्पा बंद. मग आसेगावच्या अलीकडे एक वळण आणि वळणावर कडुलिंब होता, तिथं पोचता पोचता तिचा हात पुढच्या सीटवर पडायचा. "थांबव." बहुतेक वेळा थांबेस्तोवर उशीर झालेला असे. डोकं बाहेर, एका हातानं पदर सावरलेला, आणि तो आवाज. लहानपणापासून हरीओमला तो आवाज कुणाचाच सोसत नसे. वर्गात एखादं पोर ओकलं तरी तो बाहेर पळायचा. पण मायसमोर पळणार कुठं. तो स्टिअरिंग घट्ट धरून समोरची कडुलिंबाची पानं बघत बसे, नाकानं श्वास न घेता. आंबूस वास हळूहळू आत शिरायचाच, सकाळच्या चहाचा, भाकरीचा, ओव्याचा. मग ती चूळ भरायची, बाटलीतलं उरलेलं पाणी दारावर ओतायची आणि तळव्यानं पुसून काढायची. "राहू दे, घरी गेल्यावर चांगलं धुतो मी," तो म्हणायचा. आणि लगेच ती, एखादं काम उरकल्यासारखी हलकी होऊन, "झालं. चाल आता." पुढच्या रस्त्यात ती पुन्हा बोलायला लागे. कुणाची तूर चांगली आली, कुणी सोयाबीन उशिरा पेरलं, बोट दाखवून दाखवून. हरीओमला किळस यायची आणि त्या 'झालं'चा हेवाही वाटायचा. आतलं सगळं असं रस्त्यावर टाकून माणूस पुन्हा तुरीकडे बघायला मोकळा होतो, हे त्याला कधी जमलं नव्हतं. तो गिळणारा माणूस होता. डीलरांच्या शिव्या गिळायचा, साहेबांचे विनोद गिळायचा, भावकीतल्या लग्नांत वाढलेला मानपान गिळायचा, आणि वर ढेकर द्यायचा.

त्या दिवशी तिनं थांबव म्हटलंच नाही. छातीत दुखून राह्यलं म्हणून राजूचा सकाळी फोन आला, हरीओम वाशीमहून गेला, तिला तिच्या जागेवर बसवलं, शेजारी राजू. मानोरा गेलं. आसेगावचं वळण आलं, कडुलिंब दिसला, पाय आपसूक ब्रेकवर गेला. सीटवर हात पडला नाही. आरशात तिचं डोकं मागं टेकलेलं दिसलं, डोळे मिटलेले, लिंबाची मूठ मांडीवर. "निजली," राजू दबक्या आवाजात म्हणाला. "पाह्य बरं, आज मायले गाडी लागली नाई. चांगलं लक्षण हाये. थांबू नको, चाल." दोघांनाही बरं वाटलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि गाडीत कसलाही वास नव्हता, आणि ते स्वच्छ, वास नसलेलं बरं वाटणं हरीओमला अजून जिभेवर येतं, शिळ्या वरणासारखं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं वाकून तिची पापणी वर केली आणि विचारलं, "केव्हा झालं हे?" कुणाला ठाऊक होतं केव्हा. शववाहिनी दुसऱ्या गावाला गेलेली होती. राजूच म्हणाला, कायले वाट पाहता, आणली तशी नेऊ. आणली तशीच नेली. बसवून, राजूच्या दुपट्ट्यानं सीटला बांधून. परतीला कडुलिंबापाशी हरीओमनं गाडी थांबवली तेव्हा राजू मागून खेकसला होता, "आता कायले थांबतं?" हरीओम तरी थोडा वेळ थांबला आणि मग निघाला.

तेरावं झालं, गाडीवर गोमूत्र शिंपडलं, ऊद फिरवला, मिरच्या ओवाळून टाकल्या, आणि त्यानंतर तिच्यात कुणी बसेना. गावात एक पद्धत आहे, मढं वाहिलेली गाडी लग्नात लावत नाहीत. त्याआधी ही गाडी भावकीतल्या एकाही लग्नाला चुकली नव्हती. नवरदेव, नवरी, पाव्हणे, आचाऱ्याचं सामान, सगळं तिनं वाहिलं होतं, बॉनेटवर फुलांच्या चिकटपट्ट्यांचे वण होते. आता फोनच येईनासे झाले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'कायले तरास देता तुमाले,' असं म्हणत. पाठीमागं 'मढ्याची गाडी' म्हणत. ज्यांनी जन्मभर सोजरबाईच्या हातचं पुरण ओरपलं, ज्यांच्या पोरींची बाळंतपणं तिनं काढली, तेच. तिच्या पायावर डोकं ठेवताना त्यांना काही वाटत नव्हतं, तिच्या जागेवर बसायची मात्र शिसारी. ज्योत्स्ना, त्याची बायको, शाळेत शिकवायची, शिकलेली, तीसुद्धा मैत्रिणीच्या स्कूटीवर जाऊ लागली. "मला तसं काही नाही हो," ती म्हणायची, "पण मन कचरतं." नाइलाजानं बसलीच तर पुढं बसे आणि पर्स मांडीवर ठेवी, मागच्या सीटवर भाजीची पिशवीसुद्धा नाही, ती डिकीत. आणि तो स्वतः? त्यानं सीटची कव्हरं बदलली, मग पुन्हा बदलली. सुवासाच्या बाटल्या आणून लावल्या, चमेली, चंदन, लिंबू. लिंबाची पहिल्याच दिवशी काढून फेकली. वास येत नव्हता, वास नव्हताच, तरी गाडी सुरू करण्याआधी तो दर वेळी नाक ताणून बघायचा आणि स्वतःलाच किळसवाणा वाटायचा, उष्ट्या भांड्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्यासारखा. दारावरचा पट्टा त्यानं साबणानं, रॉकेलनं, टूथपेस्टनंसुद्धा घासून पाहिला होता. तो गेला नाही. तिथं काही लागलेलंच नव्हतं, निघणार काय? तिथला रंग खाल्ला गेला होता. म्हणूनच आज तो इथं आला होता, विकतच घ्यावी या विचारानं. सुटू एकदाचे, असं म्हणून.

राजूनं त्याला कोपराला धरून बाजूला घेतलं. "रऊफभाईले त्या दिवसाचं बोलू नको. भाव पाडते मंग."

ते रऊफभाईंना ऐकू गेलंच. त्यांनी डिकी बंद केली. "मले मालूम हाये, राजूभाऊ. वाशीमात काय लपते? आमच्यात मय्यतीचं वाहन म्हणून कोणी तोंड नाई फिरवत. तुमचेच लोक घेत नाईत, त मी काय करू? सांगून इकली त इथंच सडते." ते सरळ बोलत होते, व्यापाऱ्यासारखं. "मी हे पुसदले नेतो. तिकडं माह्या साडूचा लग्नाच्या गाड्यायचा धंदा हाये. पांढरी गाडी, आतून साफ, दाग घासला का फुलं लावायले मोकळी. नवरदेव बसते मागं, मस्त. त्याले काय मालूम त्या जागी कोण बसलं होतं?"

राजू आधी बघत राहिला, मग खो खो हसला. हसताना त्याच्या दाताला लागलेला तंबाखूचा खर्रा दिसला. "म्हणजे जुन्या गाडीत बी नवरदेव, अन् नव्या गाडीत बी नवरदेव! अन् आपण उगाच भेलो. घासून टाका, भाई, घासून टाका." त्यानं हरीओमच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा ओलसर ठसा शर्टावर राहिला असावा असं हरीओमला वाटलं. ज्या माणसानं त्या जागेपायी दोन वर्षं गाडीचं दार उघडलं नव्हतं, त्याला पुसदच्या परक्या नवरदेवाला तिथं बसवायला आता काहीच हरकत नव्हती. विटाळ होता तो कशाचा होता मग? मढ्याचा नव्हता. आपल्या लोकांत नाव निघेल, त्याचा होता. आणि याच भावानं मायच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं, मेल्यावर, गावकरी बघत असताना.

ज्योत्स्नाचा फोन आला. "काय ठरलं? हे बघा, विकतच घ्या. हप्त्याचं मी बघते." मग आवाज खाली आणून, "ती दारात नको हो आता. सकाळी खिडकी उघडली की तीच दिसते." हरीओम बरं म्हणाला. त्याच्या 'बरं'ला काही अर्थ नसे हे तिलाही माहीत होतं. एवढ्यात करण चावी घेऊन आला. "सर, एकदा चालवून बघा, मग सांगा. शहरात मजा नाही, मोकळ्या रस्त्याला घ्या. डिझेल आहे हे सांगावं लागतं, इतकी शांत आहे."

करण पुढं शेजारी बसला. राजू मागं बसला, डावीकडे, कुणी न सांगता, बूट पायपुसणीला पुसून, आणि मऊ सीटवर तळवा फिरवत राहिला. काचा बंद झाल्या आणि बाहेरचं वाशीम एकदम मुकं झालं. ऑटो, मोटरसायकली, फळवाले, सगळे तोंडं हलवत होते. खरंच काही ऐकू येत नव्हतं, कसला वास येत नव्हता, फक्त तो प्लास्टिकचा गोड वास आणि एसीतून येणारी कापूर घातल्यासारखी हवा. करण सांगत होता, एअरबॅग, सनरूफ, मागच्या प्रवाशासाठी वेगळी हवा. गाव सुटलं. हरीओम चालवत राहिला. रस्त्यावरचे खड्डे पोटात लागत नव्हते. ती गाडी कशालाच स्पर्श करत नव्हती, बाहेरच्या रस्त्याला नाही, वाऱ्याला नाही, आपण खरंच इथं आहोत की नाही असं वाटायला लावणारी. थोड्या वेळानं करण चुळबुळला. "सर, आपण बरंच लांब आलो. वळायचं का?" हरीओमला वळायचं होतं. पाय मात्र दाबलेलाच राहिला.

"अरे जाऊ दे ना भाऊले," राजू मागून म्हणाला. तो आडवा रेलला होता. "घ्यायचीच हाये गाडी. पुसदवाल्याचं मस्त झालं बाप्पा, घरातली ब्याद बी जाते अन् पैसा बी सुटते." मग तो काचेतून बघायला लागला आणि लहान पोरासारखा आश्चर्यानं बोलला, "अबे, आसेगाव आलं! कळलं बी नाई. असी गाडी असती ना हरी, त मायले बी कधी लागली नसती."

त्याच्या आवाजात खरोखर माया होती. तेच वाईट होतं. हरीओमच्या तोंडात एकदम पाणी सुटलं, खारट, खूप, आणि वळण आलं, कडुलिंब आला, आणि पोटातून काहीतरी असं वर चढलं की या वेळी गिळताच येईना. त्यानं ब्रेक दाबला, करणचं डोकं पुढं गेलं, काच खाली करायचं बटण सापडायला वेळ लागला. सापडलं तेव्हा त्यानं डोकं बाहेर काढलं आणि तो ओकला, आवाज करून, सकाळचा चहा, पोहे, शोरूममध्ये दिलेलं ते कसलंसं सरबत, पुन्हा, आणि पुन्हा, काही उरलं नव्हतं तरी. नव्या, मोत्यासारख्या पांढऱ्या दारावरून ते खाली ओघळत गेलं. कडुलिंबाच्या सावलीत त्याला त्याचा वास आला आणि या वेळी त्यानं श्वास रोखला नाही.

"सर! सर, गाडी!" करण ओरडला. राजू दार उघडून धावत फिरून आला, पाण्याची बाटली उघडली आणि पहिली धार दारावर मारली. नंतर खिशातला रुमाल काढून तो दार पुसू लागला, घाईघाईनं, कोपऱ्याकोपऱ्यात, रबरात अडकलेला कणसुद्धा नखानं काढत. "डाग पडला त गळ्यात मारतीन आपल्या," तो पुटपुटत होता. मायचं तोंड त्या दिवशी त्यानं असं पुसलं नव्हतं. लाळ ओघळत होती ती नंतर घरी ज्योत्स्नानं पुसली होती. हरीओम त्याच्या हलत्या हाताकडे बघत राहिला, मग त्यानं हातातून बाटली घेतली, चूळ भरली, उरलेलं पाणी तळव्यावर घेऊन तोंडावरून फिरवलं.

"तुले कधीपासून लागायले लागली रे?" राजूनं वर न बघता विचारलं.

"झालं," हरीओम म्हणाला. "चाल आता."

त्यानं ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. तोंड धुतल्यावर ते आपोआप आलं, तिच्याच चालीत, 'झालं'नंतर जरा थांबून. राजूचा हात दारावरच राहिला. रुमालातून पाणी त्याच्या बुटावर गळत होतं. त्यानं कडुलिंबाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, हरीओमकडे पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर तो पुढं बसला आणि करण मागं. काच हरीओमनं उघडीच ठेवली. पोट रिकामं होतं आणि दोन्ही बाजूंना तुरी फुलावर आल्या होत्या, एका शेतात फारच चांगल्या.

शोरूमवर पोचताच दारावर पाइपनं पाणी मारलं आणि सगळं क्षणात उतरून गेलं. करण पुढं वाकून, तिरपा होऊन, उजेडात बघत राहिला. डाग नव्हता, काहीच नव्हतं, तिथं कुणी कधी ओकलं होतं याचा मागमूस नव्हता. "नव्या पेंटचं हेच असतं सर," तो सुटकेनं म्हणाला. हरीओमनं तिथंच उभं राहून स्नेहाला फोन लावला. लीज, त्यानं सांगितलं. "ओके सर. गाडी स्वच्छ परत द्यायची ती अट ध्यानात आहे ना?" आहे म्हणाला. कंपनीची गाडी कंपनीला परत जाईल, धुतलेली, कुणाचीही नसलेली. तिच्याकडून त्याला आणखी काही नको होतं.

मागच्या अंगणात रऊफभाईंनी वायर ओढून आणली होती, घासायचं मशीन हातात होतं. "चालू करू काय, साहेब?"

"नको. देत नाही मी."

"भाव कमी वाटला काय?"

"नाही. द्यायचीच नाही."

रऊफभाई वायर गुंडाळायला लागले. "तुमची मर्जी," ते म्हणाले. राजू मात्र पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता, रागावलाही होता. "काहून असं करून राह्यला तू? लेकीचं लगन हाये माह्या. नवरदेव कायच्यात आणू मी?"

"कंपनीची नवी येईल तोवर. ती घेऊन जा. नाव कुणाचं आहे ते नवरदेव विचारत नाही." हरीओम जुन्या गाडीची उघडी दारं एकेक करून लावत होता. "नाहीतर हिच्यात आण. आता मशीननं घासल्यावर तुला चालतच होती."

दुपारची एसटी निघायची वेळ झाली होती आणि स्टँड लांब होतं. "बस, सोडतो स्टँडवर," हरीओम म्हणाला. राजूनं पुढच्या काचेतून आत पाहिलं. पुढच्या सीटवर बियाण्यांच्या नमुन्यांची पेटी होती. ती उचलून मागं ठेवणं काही अवघड नव्हतं. हरीओमनं ती उचलली नाही. राजूचा हात मागच्या डाव्या दाराच्या कडीपर्यंत गेला. तिथं तो पट्टा होता, हातभर, पिवळट. हात कडीवर टेकला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मागं आला. त्यानं बोटं पँटला पुसली.

"मी जातो पायी," तो म्हणाला.

"जाय."

हरीओम बसला, गाडी सुरू केली. इंजिन खडखडलं आणि डिझेलचा तो जुना, दाट वास आत आला. त्यानं नाक ताणलं नाही. मागची डावी काच पूर्ण खाली केली आणि गाडी रस्त्याला घातली.